ऐरणीची जागा

पेरणी तोंडावर आली की लोहाराच्या दारात फाळांचा ढीग पडतो. वर्षभर ज्यांनी लोहाराकडे ढुंकून पाहिलेलं नसतं, तेही घाम पुसत आत येतात आणि ‘माझं आधी’ म्हणतात. यंदा ढीग लहान होता. तिठ्यावर एकाने वेल्डिंगचं दुकान टाकलं होतं. तिथे बटण दाबलं की काम होतं, बसायला बाकडं होतं आणि कोणी डोळे वटारून बघत नव्हतं.

लोहाराची बायको बघायची. म्हणजे ती वटारायची नाही, पण तिचे डोळेच तसे झाले होते. गेल्या वर्षी आधी तिची छाती धडधडायला लागली. मग दोन माणसांचं खाऊनही अंग रोडावत गेलं, हात कापायला लागले. आणि मग डोळे बाहेर यायला लागले. वरच्या पापण्या अशा वर चढल्या की बुबुळाच्या वरचं पांढरं उघडं पडलं. मोठ्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी बिघडली आहे, त्याने डोळ्यांमागचं मांस सुजतं आणि डोळे पुढे ढकलले जातात. गोळ्या दिल्या, थेंब दिले. गोळ्यांनी धडधड गेली, हातांचं कापणं थांबलं, अंगावर थोडं मांसही आलं. डोळे मात्र तसेच राहिले.

“डोळ्यांना वेळ लागेल,” डॉक्टर म्हणाले होते. “कदाचित पुढे ऑपरेशन करावं लागेल. तोवर धुरापासून लांब राहायचं.”

ती ‘बरं’ म्हणाली. लोहाराच्या बायकोला धुरापासून लांब राहा म्हणायचं म्हणजे मासोळीला पाण्यापासून लांब राहा म्हणण्यासारखं होतं. पण डॉक्टरांना उलट बोलायचा तिचा स्वभाव नव्हता. खरं तर कोणालाच उलट बोलायचा तिचा स्वभाव नव्हता, आणि दैवाने तिलाच असा चेहरा द्यावा की ती गप्प उभी राहिली तरी समोरच्याला वाटावं, ही आता अंगावर येणार.

माणसं येताना हसत यायची आणि तिला पाहिलं की हसू आवरायची. “वहिनी, आमचं काही चुकलं का?” असं विचारून एकमेकांना कोपरखळ्या द्यायची. ती हसून नाही म्हणायची, तर हसताना आणखी भयंकर दिसायची. मग तिने हसणंच सोडलं. गावाने तिचं नाव ‘वटारी’ ठेवलं. ‘वटारीकडे फाळ टाकून येतो,’ असं लोक घरी सांगायला लागले.

दुखणं कोणाला दिसत नव्हतं. डोळ्यांत सतत मूठभर वाळू असल्यासारखं खुपायचं. वारा सुटला की पाणी धारेने वाहायचं, आणि त्या दिवसांत वारा सुटलेलाच असायचा. शेतं नांगरून पडली होती, धुळीचे लोट थेट भट्टीच्या पडवीत यायचे. झोपेत पापण्या पुरत्या मिटायच्या नाहीत. पहाटे उठल्यावर डोळे कोरड्या कातड्यासारखे ताणलेले असायचे, ओल्या फडक्याने ते सोडवावे लागायचे. नवऱ्याने एकदा तिला तसं अर्धे डोळे उघडे ठेवून झोपलेलं पाहिलं आणि तो तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून झोपायला लागला. हे तिने मनाला लावून घेतलं होतं.

पण खरी अडचण वेगळी होती. तिला दोन दिसायचं.

लोहाराच्या घरात कामाची वाटणी ठरलेली असते. म्हातारी, म्हणजे लोहाराची आई, भाता ओढायची. लोहार डाव्या हातातल्या सांडशीने लाल झालेला फाळ ऐरणीवर धरायचा आणि उजव्या हातातल्या लहान हातोडीने जागा दाखवायचा. हातोडीची टिचकी जिथे पडेल, तिथे बायकोने दोन्ही हातांनी घण घालायचा. टिचकी, घण. टिचकी, घण. हातोडी ऐरणीच्या कडेला आडवी ठेवली की थांबायचं. यात बोलणं नसतं. घण खांद्यावरून खाली येतो तेव्हा नवऱ्याची बोटं वीतभर अंतरावर असतात. लग्न होऊन ती आली तेव्हा सासऱ्याने तिला आधी थंड लोखंडावर मारायला शिकवलं होतं, आणि तिचा घण बसला की तो म्हातारा डोळे मिटून मान डोलवायचा. एवढ्या वर्षांत तिचा एक घाव चुकला नव्हता. तिच्याकडे अभिमान धरावा असं तेवढं एकच होतं.

हिवाळ्यात एका सकाळी ऐरणीवर दोन फाळ दिसले. एक वर, एक खाली. तिने घण उचललेला तसाच धरला.

“काय झालं?” नवरा म्हणाला.

“काही नाही. डोळ्यांत काहीतरी गेलं.”

तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर घण हातातून गेला असता, आणि घण गेल्यावर ती त्या घरात कोण उरली असती? पाहुण्यांसमोर यायचं नाही, बाजाराला जायचं नाही, हे तर आधीच ठरून गेलं होतं. घण तेवढा राहिला होता. मग तिने युक्ती काढली. तिच्या नेहमीच्या जागेवरून, दाराकडे तोंड करून, हनुवटी थोडी वर उचलून बघितलं की दोन्ही फाळ जवळ यायचे, आणि त्यातला खालचा खरा असायचा. वरच्याकडे बघायचंच नाही. खालचा फाळ आणि टिचकीचा आवाज, एवढ्यावर तिने हिवाळा काढला. एकही घाव चुकला नाही.

पुढे तिला आणखी एक कळलं. एक डोळा झाकला की एकच दिसतं. तिने जुन्या लुगड्याची चिंधी फाडून डाव्या डोळ्यावर बांधली आणि कामाला उभी राहिली. किती दिवसांनी ऐरणीवर एकच फाळ होता. तिला इतकं बरं वाटलं की तिने म्हातारीकडे बघून मान डोलावली.

नवऱ्याने बघितलं मात्र, उठला आणि चिंधी ओढून काढली.

“हे काय सोंग?”

“बरं वाटतं जरा. खुपत नाही.”

“तुला बरं वाटतं, पण लोक काय म्हणतील? आधी वटारी होती, आता काणी झाली. गिऱ्हाईक आधीच तिठ्यावर पळतंय.”

चिंधी त्याने भट्टीत टाकली. म्हातारी भाता ओढत राहिली. लोहार तसा वाईट माणूस नव्हता. दारू पीत नव्हता, बायकोवर हात टाकत नव्हता. त्याला फक्त लोकांची भीती वाटायची, आणि अशी माणसं घरच्यांना फार महागात पडतात.

मग एक दिवस मळेवाला आला. नदीकाठची सगळी सपाट जमीन त्याची होती. त्याची औजारं आली म्हणजे लोहाराचा अर्धा हंगाम आला. फाळ, कुदळी, वखराच्या पाती, सगळं गाडीत भरून तो दारात उभा राहिला, आत येईना.

“या ना आत,” लोहार म्हणाला.

“नको, इथेच बरा आहे.” मळेवाला हसत होता. “तुझी बायको दाराकडे तोंड करून उभी असते बाबा. मागच्या वेळी घरी गेलो तर जेवण गेलं नाही. असं वाटलं, फाळ सोडून माझ्याच डोक्यात घण घालते की काय.”

गाडीवान खो खो हसला. लोहारही हसला. बायकोने ते हसणं ऐकलं. गाडीवानाच्या हसण्याचं तिला काहीच वाटलं नाही, नवऱ्याचं हसू ऐकून मात्र तिने घण खाली ठेवला.

“तिठ्यावरचा म्हणतोय, सगळं दोन दिवसांत करून देतो,” मळेवाला म्हणाला. “पण तुझ्या बापाकडे आमचा बाप यायचा, म्हणून आलो.”

“उद्या या. तुम्हाला आत बसता येईल असं करतो,” लोहार म्हणाला.

संध्याकाळी भट्टी विझल्यावर त्याने पहार घेतली आणि ऐरणीचा ओंडका हलवायला लागला. तो ओंडका त्याच्या बापाने जमिनीत पुरला होता. त्याने भोवतीची माती उकरली, ओंडका लोळवत मागच्या कोपऱ्यात नेला आणि नवीन खड्ड्यात बसवला. आता घण मारणारीचं तोंड भिंतीकडे आणि पाठ दाराकडे झाली. येणाऱ्याला फक्त तिचा अंबाडा दिसला असता.

बायको जाऊन त्या जागी उभी राहिली. डाव्या बाजूला छपराचा खांब होता. घण फिरवायला जागा हवी म्हणून तिला तिरकं उभं राहावं लागत होतं, आणि तिरकं उभं राहिलं की ऐरण बघायला बुबुळं एका बाजूला ओढावी लागत होती. ओढली की डोळ्यांच्या मुळापर्यंत कळ जायची. आणि ऐरणी दोन व्हायच्या. पण आता एक वर, एक खाली नव्हती. एक उजवीकडे होती, एक डावीकडे, चांगली हातभर लांब. त्यातली खरी कोणती, ते तिला कळेना.

“अहो, इथून नीट मारता येणार नाही,” ती म्हणाली.

“का?”

“खांब मध्ये येतो. पाहिजे तर मी डोक्यावरून पदर ओढून घेते. डोळे दिसणार नाहीत कोणाला. पण ऐरण होती तिथे राहू द्या.”

“पदर भट्टीवर पेटला म्हणजे?”

“मग उद्या सकाळी थोडा वेळ थंड लोखंडावर मारून बघते. हात बसला की मग तापलेलं घ्या.”

“नाचता येईना, अंगण वाकडं,” लोहार म्हणाला. “इतकी वर्षं मारतेस आणि आता थंड लोखंड पाहिजे?”

म्हातारी उंबऱ्यावर बसली होती. ती म्हणाली, “अरे, ती मागते तर दे ना. जागा बदलली तेव्हा तुझ्या बापानेही मला दोन दिवस थंड लोखंडच दिलं होतं.”

“आई, तू भात्याचं बघ.”

तेव्हाच ‘मला दोन दिसतात’ असं सांगायला हवं होतं. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण दोन दिसतात म्हटलं की घण गेला, हे तिला इतकं पक्कं ठाऊक होतं की ती गप्प राहिली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायची सवय झाली की माणूस खाताना ओरडायचंही विसरतो.

सकाळी मळेवाला आला आणि आत येऊन पालथ्या घातलेल्या टोपलीवर बसला. “हां, आता बसावंसं वाटतं,” म्हणाला. लोहार खूश झाला. पहिला फाळ त्याने चांगला पांढरट होईपर्यंत तापवला, ऐरणीवर आणला आणि टिचकी दिली.

बायकोने कानावर भरवसा ठेवला. पहिला घाव बरोबर बसला. दुसरा बसला. मागे मळेवाला बोलायला लागला, पाऊसपाण्याचं, बियाण्याचं, आणि लोहारही ‘हो हो’ करत त्याच्याकडे मान वळवायला लागला. कोपऱ्यात प्रत्येक आवाज भिंतीवर आपटून परत येत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. टिचकी पडली. दोन फाळ लाल दिसत होते. तिने उजवा खरा धरला.

घण मऊ जागी बसला. लोखंडावर बसलेल्या घणाचा झटका कोपरापर्यंत येतो, तो आला नाही. त्यावरूनच तिला कळलं. आवाज नंतर आला, नवऱ्याच्या तोंडून.

सांडशी खाली पडली, फाळ मातीत पडून धुमसायला लागला. लोहाराच्या डाव्या हाताची मधली बोटं जागच्या जागी चपटी झाली होती. मळेवाला टोपली लाथाडून उभा राहिला आणि भिंतीपर्यंत मागे सरला. पुढे आली ती म्हातारीच. तिने आपला पदर फाडून लेकाच्या हाताला घट्ट गुंडाळला. बायको घण धरून उभी होती. तो खाली ठेवायचा असतो हेही तिला सुचत नव्हतं.

“बघितलंस?” मळेवाला गाडीवानाला म्हणाला. “मी म्हणालो नव्हतो?”

त्याच्याच गाडीतून त्यांना दवाखान्यात नेलं. हात साफ करताना तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, “कसं झालं?”

“घण बसला,” लोहार दात आवळून म्हणाला.

“कोणाचा?”

“हिचा.”

डॉक्टरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि ते बघतच राहिले. ती सवयीने खाली बघायला लागली. पण डॉक्टरांनी बोट उभं धरलं, डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं.

“बाई, तुम्हाला दोन दिसतात का?”

तिने नवऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “दिसतात.”

“कधीपासून?”

“हिवाळ्यापासून.”

“मग एक डोळा झाकून काम करायचं ना. साधी चिंधी बांधली तरी चालते. ऑपरेशन होईपर्यंत तोच उपाय आहे.”

लोहार छताकडे बघत होता. त्याचा चेहरा दुखण्याने पांढरा पडला होता, की आणखी कशाने, ते तिला सांगता आलं नसतं. पण त्याने ऐकलं होतं, एवढं तिने पाहिलं. एक बोट काढून टाकावं लागलं, बाकीची प्लास्टरमध्ये गेली.

घरी येताना तिने विचारलं, “लोकांना काय सांगायचं?”

“मी बघतो,” तो म्हणाला. तिला वाटलं, बघेल. कळ सोसताना माणूस थोडा खरा होतो, असं तिने ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून माणसं बघायला यायला लागली. लोहार पडवीत बाजेवर बसायचा आणि बांधलेला हात मांडीवर घेऊन सांगायचा. ती आत चुलीपाशी बसून ऐकायची.

“काय सांगायचं? बाईमाणसाचा राग. आदल्या दिवशी ऐरण हलवली, तर तिला ते पटलं नाही. ‘इथून मारता येत नाही’ म्हणाली. मी म्हटलं, मारावं लागेल. बस, डोक्यात राख घातली आणि घातला घण.”

“डोळ्यांतच दिसतं रे,” कोणीतरी म्हणायचं.

“दिसतं ना. पण काय करणार? बायको आहे. सांभाळून घ्यायचं.”

माणसं हळहळायची. कोणी त्याच्या खांद्यावर हात ठेवायचं. त्याने हे का केलं ते कळायला फार अक्कल लागत नव्हती. बायकोला दोन दिसतात म्हटलं तर उद्या फाळ घेऊन कोण येणार? चिंधी मीच जाळली म्हटलं तर लोक त्यालाच मूर्ख म्हणाले असते. ती रागाने मारते म्हटलं की दोन्ही झाकलं जात होतं, आणि वर गावाची माया मिळत होती.

म्हातारी एकदा चुलीपाशी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, “चोराच्या उलट्या बोंबा.” मग म्हणाली, “माझ्याच पोटचा आहे. काय करू?”

सून म्हणाली, “आई, तुम्ही सांगा ना त्यांना. तुम्ही होता तिथे.”

म्हातारीने चुलीतलं लाकूड पुढे सरकवलं. “मी सांगितलं तर कोण ऐकणार, पोरी? म्हणतील, सुनेला घाबरली म्हातारी.”

सुनेला हसू आलं. ते खरंच होतं. आता सगळे तिला घाबरत होते. विहिरीवर बायका तिला आधी पाणी भरू देत होत्या. दुकानदार पुडी बांधून मुकाट पुढे करत होता. जन्मभर ज्या माणसांनी तिला नंबर लागला तरी मागे ढकललं होतं, ती आता वाट सोडून उभी राहत होती. तिला त्याचा रागही येत नव्हता, तिला किळस यायची. आपण कधीच नव्हतो अशा एका बाईच्या नावाने आपण जगायला लागलो, हे तिला दर खेपेला नव्याने लागायचं.

फाळांचा ढीग दारात तसाच पडला होता. वारा पडला होता, ढग यायला लागले होते. मळेवाल्याने गडी पाठवला : होत असेल तर करा, नाहीतर औजारं परत द्या, तिठ्यावर टाकतो.

“परत देऊन टाक,” लोहार आईला म्हणाला. “सांडशी धरायला हात कुठे आहे?”

बायको बाहेर आली. तिने गड्याला सांगितलं, “परवा घेऊन जा म्हणावं.”

गडी तिच्या डोळ्यांकडे बघून लगबगीने निघून गेला.

मग तिने पहार उचलली. कोपऱ्यातल्या ओंडक्याभोवतीची माती उकरली, म्हातारीने पलीकडून टेकू दिला आणि दोघींनी तो लोळवत जुन्या जागी आणला. जुना खड्डा अजून बुजलेला नव्हता. ओंडका आत बसला, तिने पायाने माती दाबली आणि वर ऐरण चढवली. पुन्हा दाराकडे तोंड. लोहार बाजेवरून बघत होता.

“तू काय चालवलंयस?”

“आई सांडशी धरतील. सासरे थकल्यावर त्याच धरायच्या. तुम्ही भात्यावर बसा. उजवा हात चांगला आहे तुमचा.”

“मी भात्यावर?”

सुंभ जळतो, पीळ जळत नाही म्हणतात. बोट गेलं होतं, पण हा गडी भात्यावर बसायला लाजत होता. तिने आत जाऊन त्याच जुन्या लुगड्याची एक लांब चिंधी फाडून आणली आणि डाव्या डोळ्यावरून नेऊन मानेमागे घट्ट गाठ मारली.

“बांध, चांगली आवळून बांध,” म्हातारी म्हणाली. “आता माझी बोटं आहेत तिथे.”

लोहाराने दाराकडे पाहिलं. वाटेने माणसं शेताकडे जात होती.

“काढ ते,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “लोक विचारतील. काय सांगू त्यांना?”

तिने घण उचलून त्याचा दांडा चाचपला. उघड्या डोळ्याने नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यात खरोखरच राग आहे, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. एवढे दिवस लोकांना दिसत होता तो राग नव्हताच, हे त्यालाही ठाऊक होतं.

“सांगा, ‘मीच मारलं तिच्या डोळ्यावर’,” ती म्हणाली. “ते लगेच पटेल त्यांना.”

लोहार उठला. भात्यापाशी जाऊन बसला. भट्टीतला कोळसा लाल व्हायला लागला. म्हातारीने फाळ सांडशीत धरला आणि हातोडीची टिचकी दिली.

पाचसहा घाव बसले असतील, तेवढ्यात एक शेतकरी कुदळ घेऊन दारात आला. त्याने लोहाराचा बांधलेला हात पाहिला. त्याच्या बायकोचा बांधलेला डोळा पाहिला. पुन्हा एकदा हात पाहिला. त्याने काहीच विचारलं नाही. कुदळ ढिगावर ठेवली, ‘उद्या येतो’ म्हणाला आणि निघून गेला.